धावपट्टीवरचा मका

"नवरा पळून गेलाय की मेलाय, तेवढं सांगा," बाई म्हणाली. "दोन्हींतलं कुठलंही असलं तरी चालेल."

बाही अर्धी हवी की पूर्ण, हे शिवायला टाकताना सांगावं, तशा आवाजात तिनं हे सांगितलं. जिना चढताना ती प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकत आली होती. बसल्यावर तिनं डावा पाय सरळ लांब ठेवला आणि पर्समधून फोन काढून टेबलावर ठेवला.

आत्यानं पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

आत्या अख्ख्या गावाची आत्या होती, पण खरी एकाच माणसाची. तो भाचा कोपऱ्यात वही उघडून बसला होता. आत्यानं सव्वीस वर्षं विमा कंपनीसाठी बुडालेल्या पिकांची पाहणी केली होती. गारपीट खरी की खोटी, आग लागली की लावली, हे ती बांधावर उभी राहून सांगायची. निवृत्तीनंतर लोक तिच्याकडे माणसांच्या भानगडी घेऊन येऊ लागले. भाचा दातांच्या दवाखान्यात नोंदी ठेवायचा आणि आत्याचं काम निघालं की अर्ध्या दिवसाची रजा टाकायचा. गाडी त्याची, डोकं आत्याचं. ही वाटणी दोघांनाही मान्य होती.

"सुरुवातीपासून सांगा," आत्या म्हणाली.

"तो मेकॅनिक होता. गावाबाहेर फवारणीच्या छोट्या विमानांची धावपट्टी होती ना, तिथे. पट्टी बंद पडली, तरी तिथेच राखणदार म्हणून राहिला. मग जमीन मूळ मालकाला परत मिळाली. मागच्या उन्हाळ्यात मालकानं काँक्रीट उखडायला घेतलं. चौथ्या दिवशी हा डबा घेऊन गेला, तो आलाच नाही. संध्याकाळी मेसेज आला."

"किती आले आजवर?"

"चार. घ्या, वाचा."

भाच्यानं फोन उचलला आणि मोठ्यानं वाचलं.

"पहिला, त्याच संध्याकाळचा. 'मी जातोय. पट्टी संपली, माझंही इथलं संपलं. शोधू नकोस.' दुसरा, अडीच महिन्यांनी. 'मी बरा आहे. पोरीची शाळा बुडू देऊ नकोस.' तिसरा, थंडीतला. 'थंडी फार आहे. डावा गुडघा शेकत जा. माझी वाट बघू नकोस.' चौथा, गेल्या महिन्यातला. 'पोरगी मोठी झाली असेल. मला विसरा.'"

"उलट फोन केलात?"

"प्रत्येक वेळी. बंद."

"पोलीस काय म्हणाले?"

"सज्ञान माणूस आहे, मेसेज येतायत, म्हणजे जिवंत आहे. मी फारच मागे लागले, तेव्हा एकदा शोधून सांगितलं. पहिला मेसेज गावातूनच, दुसरा खाणीच्या बाजूनं, तिसरा कालव्याच्या बाजूनं. म्हणजे फिरतोय, म्हणाले. कंटाळला की येईल."

"वर्ष झालं. मग आजच का आलात?"

बाईनं फोन परत घेऊन पर्समध्ये टाकला. "पोरीच्या नव्या शाळेचा फॉर्म आहे. वडील हयात की मयत, खूण करायची असते. ती पेन हातात घेऊन विचारत होती, आई, कुठे करू? मी फॉर्म घडी करून ठेवला." तिनं पाणी प्यायलं. "शेजारणी म्हणतात, हिच्या डोळ्यांत टिपूस नाही, हिलाच सगळं माहीत असणार. मला खरंच रडू येत नाही. रागही येत नाही. सुरुवातीला यायचा. मनातल्या मनात फार शिव्या घातल्या त्याला. आता तेही नाही. शिवणाच्या मशीनवर बसते, पाय चालत राहतो, एवढंच."

"घरी मदतीला कोणी?"

"धाकटा भाऊ आहे. पट्टी उखडायला त्याचंच मशीन होतं. म्हणजे मालक दुसरा, चालवणारा हा. त्यानंच याला शेवटचं पाहिलं, बसमध्ये चढताना. तेव्हापासून दर आठवड्याला येतो. किराणा, गॅस, पोरीच्या वह्या, सगळं तोच बघतो. तो नसता तर मी अंथरुणातून उठले नसते."

ती गेल्यावर भाचा म्हणाला, "आत्या, बाई विचित्र आहे गं. नवरा मेला तरी चालेल म्हणते."

"ती थकली आहे," आत्या म्हणाली. "गाडी काढ."

*

धावपट्टीच्या जागी आता मका उभा होता. चहूकडे सपाट रान. सावलीला म्हणून एक झाड नव्हतं.

"विमानं उतरायची, झाड ठेवतील कसं?" जमिनीचा मालक म्हणाला. सत्तरीचा, काटक म्हातारा होता. "माझ्या बापाच्या हातून ही जमीन गेली तेव्हा बांधावर अकरा झाडं होती. बाप रोज नावानं मोजून दाखवायचा. आता पुन्हा लावेन, पण त्यांच्या सावलीत मी बसणार नाही, एवढं नक्की."

शेताच्या मधोमध एक लांब पिवळा पट्टा गेला होता. दोन्ही बाजूंचा मका माणसाच्या डोक्यावर गेलेला. पट्ट्यातला मात्र गुडघ्याएवढा, किडकिडीत, पानं पिवळी.

"इथेच काँक्रीट होतं?" भाच्यानं विचारलं.

"मग काय तर! वरचं उखडलं, पण खालची जमीन पार दगड झालेली. रोलर फिरवून फिरवून दाबलेली. नांगर वीतभर जातो की थांबला. मूळ खाली जाणार कसं? दोन-चार वर्षं असंच चालायचं." म्हातारा एकदम खुलला. "पण या, एक गंमत दाखवतो. येईल त्याला दाखवतो मी."

पट्ट्याच्या जवळजवळ मध्यावर तो थांबला. पिवळ्या, खुरट्या मक्यात एक हिरवागार चौकोन होता. तिथला मका बाजूच्या शेताइतकाच उंच, किंबहुना चार बोटं जास्तच.

"एवढाच तुकडा असा का आला, कोण जाणे. इथे वाऱ्याची दिशा दाखवणारा तो कापडी मोजा असायचा ना, त्याचा खांब शेजारीच होता. खांब त्या बाजूला. हा तुकडा या बाजूला."

"छान आलाय हो," भाचा म्हणाला आणि त्यानं फोटो काढला.

आत्यानं पर्समधून टेप काढला. एक टोक भाच्याच्या हातात दिलं. अडीच मीटर रुंद, तीन मीटर लांब. कडा आखल्यासारख्या सरळ.

"मेकॅनिकचं काय आठवतं?" तिनं टेप गुंडाळत विचारलं.

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "खोटं कशाला सांगू, भांडलो मी त्याच्याशी. तिसऱ्या दिवशी तो मशीनपुढे आडवा पडला. म्हणे शेवटचा तुकडा तरी ठेवा. मी म्हटलं, बाबा, तुझं आयुष्य गेलं या पट्टीवर, कबूल, पण माझ्या बापाचं या पट्टीखाली गेलं. शिव्याही घातल्या. शेवटी मेव्हण्यानंच त्याला हाताला धरून उठवलं."

"आणि चौथ्या दिवशी?"

"मी इथे नव्हतोच. बायकोचं ऑपरेशन होतं. सकाळपासून दवाखान्यात. परत आलो ते दोन दिवसांनी. तोवर काँक्रीट निघालेलं आणि हा गेलेला."

*

रस्त्याच्या पलीकडे बियाणं आणि औषधांचं दुकान होतं. दुकानदार पूर्वी त्याच पट्टीवरून फवारणीचं विमान उडवायचा. गाव त्याला अजून कॅप्टनच म्हणायचं.

"तुमचं आणि मेकॅनिकचं बोलणं नव्हतं म्हणे," आत्यानं सरळ विचारलं.

"सहा वर्षं नव्हतं. एकदा विमान जोरात आपटलं. मी म्हटलं, चाकात दोष होता. त्यानं लिहून दिलं, चाक ठीक होतं, उतरवणारा चुकला. माझं लायसन गेलं." कॅप्टननं वजनकाट्यावरची धूळ बोटानं पुसली. "खरं तेच लिहिलं होतं त्यानं. म्हणून तर जास्त राग आला."

"त्याच्या बायकोला भेटलात, तो गेल्यावर?"

"कुठल्या तोंडानं भेटणार? वर्षभरात पाहिलंसुद्धा नाही तिला. घराबाहेर पडत नाही म्हणतात."

"पट्टी उखडताना पाहिलीत?"

"पाहायची फार इच्छा होती. पण पहिल्या दोन दिवसांतच काँक्रीटचे तुकडे रस्त्याच्या कडेनं रचले, बस थांबते त्या वळणापर्यंत. ही उंच भिंत झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दुकानातून पट्टी दिसेना. मशीनचा हात वर गेला की तेवढा भिंतीवरून दिसायचा, बाकी नुसता आवाज. पुढे महिन्याभरानं तो ढिगारा भरावासाठी नेला."

"चौथा दिवस आठवतो?"

"खांब पडला तो दिवस. सकाळी पडला. आवाज ऐकून मी बाहेर येऊन उभा राहिलो, उगाच. दुपारी जेवायला मशीन बंद झालं. मग चालू झालं, लगेच बंद पडलं. बराच वेळ सामसूम. पुन्हा चालू झालं ते एकाच जागी घरघरत राहिलं, तास-दीड तास. म्हटलं, खांबाचा पाया खोल असेल."

"वळणावर मेकॅनिक बसमध्ये चढताना दिसला?"

"मी गिऱ्हाइकात होतो. लक्ष नव्हतं."

गाडीत बसताच भाचा म्हणाला, "हाच आहे आत्या. सहा वर्षांचा राग. आणि विषारी औषधांचं दुकान!"

"आणि तो दीड तास मशीन कोण चालवत होतं? कॅप्टन, की त्याचं दुकान?"

भाच्यानं गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.

*

बाईचा भाऊ एका शाळेच्या मैदानाची जमीन सपाट करत होता. आत्याला पाहून तो केबिनमधून खाली उतरला. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. हात पुसून झाले तरी तो ते पुसतच राहिला.

"ताईनं सांगितलं तुम्ही येणार म्हणून."

"केवढं अवजड धूड आहे हो हे," आत्या मशीनला फेरी मारत म्हणाली. पुढच्या लोखंडी बकेटला तिनं टेप लावला. "सव्वा मीटर. माझ्या स्वयंपाकघराच्या दारातून जायचं नाही."

तो कसंनुसं हसला.

"शेवटचं कधी पाहिलंत मेव्हण्यांना?"

"चौथ्या दिवशी दुपारी. जेवायला बरोबरच बसलो. दुसरीकडे सावली कुठे होती? मशीनच्या सावलीत बसलो. जेवला, आणि म्हणाला, जातो मी. मी केबिनमध्ये चढलो. तिथून पाहिलं, वळणावर बस थांबली होती. पिशवी घेऊन चढला. वळूनही पाहिलं नाही."

"केबिनमधून स्पष्ट दिसलं?"

"अगदी स्पष्ट."

"त्यानंतर तुमच्याशी संपर्क?"

"नाही. फक्त ताईला मेसेज येतात." त्यानं मशीनच्या पट्ट्याला लागलेली माती बुटानं खरवडली. "फार सोसलंय तिनं. थंडी सुरू होताना पायरीवरून पडली, गुडघ्याला लागलं. कोणाला सांगितलंसुद्धा नाही. पोरीनं फोन केला तेव्हा मी कालव्याच्या कामावर होतो, काम टाकून आलो, दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, शेक द्या. त्याआधी धडधाकट होती हो ती."

आत्यानं टेप गुंडाळून पर्समध्ये टाकला.

"तुम्ही ताईला काय सांगणार?" त्यानं विचारलं.

"जे असेल ते."

"पळून गेला, एवढं पुरे नाही का? निदान कुठेतरी आहे, असं तरी वाटतं माणसाला."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईच्या पुढच्या खोलीत माणसं जमली. शिवणाच्या मशीनशेजारी शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा होता. जमिनीचा मालक खुर्चीवर, कॅप्टन दाराशी उभा, भाऊ जमिनीवर भिंतीला टेकून. फौजदार आत्याच्या सांगण्यावरून आला होता आणि घड्याळाकडे बघत होता. मुलगी शाळेत गेली होती.

"तुम्ही मला एकच प्रश्न विचारला होता," आत्या बाईला म्हणाली. "उत्तर चांगलं नाही. सांगू?"

"सांगा."

"तुमचा नवरा पळून गेला नाही. त्याच दिवशी गेला तो. धावपट्टीच्या जमिनीतच आहे."

बाईनं मान हलवली. एवढंच.

"कशावरून?" फौजदारानं विचारलं.

"मक्यावरून. त्या पट्ट्यात जमीन दगडासारखी आहे, नांगर वीतभर जातो, म्हणून पीक खुरटं. एकाच चौकोनात ते डोक्यावर गेलंय, म्हणजे तिथे जमीन खोलवर खणून पुन्हा भरली आहे. खांबाच्या पायासाठी नव्हे. खांब दुसऱ्या बाजूला होता. आणि खांब पडला तो चौथा दिवस, म्हणजे मशीन त्या दिवशी त्याच जागी होतं."

म्हातारा उठून उभा राहिला. "अहो, पण मीच तर तुम्हाला तो तुकडा दाखवला!"

"म्हणूनच तुमच्यावरचा संशय गेला. खाली काय आहे हे माहीत असलेला माणूस तिथे पाहुण्यांना नेत नाही. रातोरात तिथलं पीक उपटून टाकतो."

म्हातारा हळूच खाली बसला.

"त्या जमिनीत कुदळीनं एवढा खड्डा होत नाही. मशीनच लागतं. चौकोन अडीच मीटर रुंद आहे, बकेट सव्वा मीटर. बरोबर दोन बकेट. कॅप्टननी त्या दुपारी मशीन एकाच जागी दीड तास चाललेलं ऐकलं."

सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या. भाऊ जमिनीकडे बघत होता.

"तो म्हणाला, केबिनमधून वळणावरची बस दिसली," आत्या पुढे म्हणाली. "रस्त्याच्या कडेनं वळणापर्यंत काँक्रीटचा ढिगारा होता. दुकानातून मशीनचा नुसता हात वर दिसायचा, केबिन नाही. मग केबिनमधून रस्ता कसा दिसेल? बस त्यानं पाहिलीच नाही."

"आणि मेसेज?" भाच्याला राहवलं नाही.

"तिसरा वाच."

"'थंडी फार आहे. डावा गुडघा शेकत जा.'"

"गुडघ्याला लागलं कधी?" आत्यानं बाईला विचारलं.

बाईचे ओठ जरा हलले. "थंडीत," ती म्हणाली. "तो गेल्यावर सहा महिन्यांनी."

"मग त्याला कसं कळलं? तुम्ही कोणाला सांगितलं नव्हतं. माहीत होतं ते पोरीला, डॉक्टरला, आणि दवाखान्यात नेणाऱ्याला. तो मेसेज कालव्याच्या बाजूनं आला. कालव्याच्या कामावर कोण होतं, तेही तुमच्या भावानंच सांगितलं. तुमच्या नवऱ्याचा फोन त्याच्याकडेच होता. पळून गेलेल्या नवऱ्याच्या नावानं लिहिताना त्याला बहिणीच्या गुडघ्याची काळजी वाटली. काळजी नसती, तर कदाचित मलाही काही सापडलं नसतं."

बाहेर एक सायकल घंटी वाजवत गेली.

"मी मारलं नाही," भाऊ म्हणाला. "ताई, मी मारलं नाही गं त्याला."

"माहीत आहे," आत्या म्हणाली. "मशीन चालू झालं आणि लगेच बंद पडलं, असं कॅप्टन म्हणाले. सबंध रानात सावली एकच होती, मशीनची. तो तिथेच झोपला असणार."

भावानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "मी पलीकडे हात धुवायला गेलो होतो. मला वाटलं, उठून राखणदाराच्या खोलीकडे गेला. मागे बघायचं असतं. रोज बघतो. त्या दिवशी नाही बघितलं. मशीन हातभर मागे घेतलं फक्त." तो थांबला. "माझं लायसन संपलेलं होतं. आदल्या दिवशी सगळ्यांसमोर मी त्याला ओढून बाजूला केलेलं. कोण विश्वास ठेवणार? अर्धा तास नुसता बसून होतो त्याच्याजवळ. मग वाटलं, ताईला हे सांगण्यापेक्षा तो निघून गेला म्हणून सांगणं बरं. निदान जिवंत तरी राहील तिच्यासाठी."

"माझ्यासाठी?" बाई म्हणाली.

तिनं पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं.

"महिनोनमहिने मी त्याला शिव्या घातल्या, भाऊ. पोरीला सांगितलं, तुझ्या बापाला आपण नको होतो. ती रोज आरशापुढे उभी राहून विचारायची, मी वाईट दिसते का, म्हणून गेले का बाबा? तू इथेच बसून चहा पीत ऐकायचास."

भाऊ रडायला लागला. मोठा माणूस रडतो तसा, आवाज दाबत. बाई त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरची एक रेषा हलली नाही.

"त्याला कळलं का?" तिनं विचारलं.

"नाही. गाढ झोपला होता."

"जेवला होता?"

"हो. सगळा डबा संपवला."

तिनं मान हलवली.

फौजदारानं भावाच्या खांद्यावर हात ठेवला. तो उठला. दाराशी चप्पल घालताना त्याला ती पायात नीट घालता येईना. कॅप्टननं वाकून त्याच्यापुढे सरळ करून ठेवली. म्हातारा मालक जाताना म्हणाला, "मी तो तुकडा आजच मोकळा करून देतो, पोरी." आणि निघून गेला.

भाचा वही मिटून उभा होता. त्या दिवसाचं त्यानं एक अक्षर लिहिलं नव्हतं.

"आता मी रडायला पाहिजे ना?" बाईनं आत्याला विचारलं.

"पाहिजे असं काही नसतं. येईल तेव्हा येईल."

"आणि भावाचं काय करू? वर्षभर त्यानंच जगवलं मला."

"ते तुमचं तुम्हीच ठरवायचं," आत्या म्हणाली. तिनं उगाच एक गणवेश उचलला, घडी मोडली, पुन्हा घातली. "पण आज नको."

फाटक वाजलं. मुलगी दप्तर सावरत आत आली. अनोळखी माणसं पाहून ती उंबऱ्याशीच थांबली.

"मामाला पोलीस का घेऊन गेले? तो माझ्याशी बोललापण नाही."

बाई शिवणाच्या मशीनवरून उठली. गणवेशांचा गठ्ठा तिनं दोन्ही हातांनी उचलून जमिनीवर ठेवला आणि रिकाम्या झालेल्या जागेवर हात थोपटला.

"ये, बस इथे," ती म्हणाली. "तुझे बाबा आपल्याला सोडून गेले नव्हते."

आत्यानं भाच्याच्या कोपराला धरलं आणि दोघं आवाज न करता बाहेर पडले.